फ्रेंच हॉटेलातले हात

बकुळा गेली त्या दिवशी मी कंपनीत पंप खोलून बसलो होतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाची कंपनी आहे, मी तिथे फिटर. वॉचमन शेडपर्यंत चालत आला. तो कधी गेट सोडत नाही, म्हणून मी पाना खाली ठेवला.

"बदलापूरहून फोन आहे. कोणी साईनाथ फुलवाला."

साईनाथ बदलापूर स्टेशनबाहेर फुलं विकतो. त्याच्या शेजारी बकुळा पालेभाजी घेऊन बसायची आणि तिच्या पलीकडे कौसाबाई, वांगणीकडच्या ठाकूरवाडीतून रानभाजी आणणारी. मला वाटलं, नगरपालिकेची गाडी आली असेल आणि पाट्या उचलून नेल्या असतील. मी फोन कानाला लावला आणि आधी शिवीच दिली.

"नेली का भाजी भडव्यांनी?"

"भाजी नाही, दादा," साईनाथ म्हणाला. "वहिनी गेल्या."

"कुठे?"

त्याने फोन तसाच धरून ठेवला. मागे कौसाबाई रडत होती. ते ऐकू आलं तेव्हा मला कळलं.

मुळ्याची जुडी बांधता बांधता तिची मान खाली गेली. कौसाबाईला वाटलं, पाटीत काही शोधते आहे. कौसाबाईने हाक मारली, मग खांद्याला हात लावला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. संध्याकाळी घरी जमलेले लोक म्हणाले, "भाग्यवान बाई. कुणाची सेवा घेतली नाही, चालताबोलता गेली." पुन्हा पुन्हा तेच. मला एकेकाच्या तोंडात मारावीशी वाटत होती. मी सेवा करायला तयार होतो. मला कोणी विचारलं होतं?

त्याच संध्याकाळी फोटोचा विषय निघाला. आमच्या वस्तीतली मंडळाची पोरं आली. चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावू म्हणाली, वहिनींचा फोटो द्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही टेबलावर फोटो लागतो. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली गेलेल्या माणसाचा. त्यापुढे मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात. आमच्याकडे फोटो नव्हता.

तुम्ही म्हणाल, असं कसं? दोन हजार पाच सालच्या पुरात आम्ही नदीच्या बाजूला भाड्याने राहत होतो. पाणी पोटमाळ्यापर्यंत चढलं. लग्नाचा अल्बम, मैत्रेयीच्या बारशाचे फोटो, सगळ्याचा चिखल झाला. पानं सोडवायला गेलो तर चेहरे बोटाला चिकटून येत होते. त्यानंतर आम्ही खरवईला वन रूम किचन घेतलं, भांडी नवी घेतली, गादी नवी घेतली. फोटो नवे कुठून आणणार?

उरला तो निवडणूक ओळखपत्रावरचा. फोटो स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला. नाक नाही, तोंड नाही, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. बॅनर लागला. श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो चकाचक, गॉगल लावलेले, सोन्याच्या चेनी घातलेले. जिला श्रद्धांजली तीच काळीठिक्कर. कार्यक्रमाला माझी चुलत मावशी आली होती, तिला नीट दिसतं, तरी टेबलाकडे बघून तिने हळूच विचारलं, "हा कोणाचा ठेवलाय रे?"

मी म्हणालो, "मतदाराचा."

मैत्रेयीने माझा हात दाबला. मैत्रेयी आमची एकुलती मुलगी. ठाण्याला एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. बौद्धाचार्य वंदना घेत होते आणि मी त्या दोन भोकांकडे बघत बसलो. माझ्या मनात एकच होतं. फोटो आहे. कुठेतरी आहे. काढलाय.

कारण बकुळाने मला सांगितलं होतं. आदल्या पावसाळ्यात एक बाई गाडीतून भाजी घ्यायला यायची, पँट घातलेली, बोलायला गोड. एक दिवस तिच्याबरोबर मोठा कॅमेरा घेतलेला माणूस आला. त्याने बकुळाचे आणि कौसाबाईचे पुष्कळ फोटो काढले. रात्री जेवताना बकुळा सांगत होती.

"मला म्हणाला, हसा. मी म्हटलं, हसायला काय झालंय? तो म्हणाला, मग काय करता रोज? मी म्हटलं, तोंड बघते गिऱ्हाइकांची. मग मलाच हसू आलं, आणि त्याने टिपलं."

"मग फोटो कुठंय?"

"पुढच्या वेळी देते म्हणाली ती बाई. मी सांगून ठेवलंय, आमच्याकडे एकपण नाही, पुरात गेले. चांगला मोठा करून आण."

पुढच्या वेळी ती बाई आली, फोटो नव्हता. बकुळा तिला दर वेळी विचारायची. ती दर वेळी म्हणायची, "अरे हां, नेक्स्ट टाइम पक्का." मग तिने येणं बंद केलं. दिवाळी झाली तरी बकुळा मला सांगायची, "आज पांढरी गाडी दिसली, मला वाटलं तीच." थंडीत बकुळा गेली.

मी कौसाबाईला विचारलं, "ती बाई कोण होती? कुठली?"

"मला काय ठावं, दाजी," ती म्हणाली. "गाडी धवळी व्हती, येवढंच बघितलं. माजं बी काढलंन त्यानं फोटू. मला बी दिलं नाय."

ती गेली त्यानंतरचा पावसाळा संपत आला होता तेव्हा मैत्रेयीचा दुपारी फोन आला. कामाच्या दिवशी ती कधी फोन करत नाही.

"पप्पा, आम्ही ऑफिसचे सगळे जेवायला आलोय. जांभूळ गावाच्या रस्त्याला नवीन फ्रेंच रेस्टॉरंट झालंय ना, तिथे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पप्पा, इथे भिंतीवर आईचे हात आहेत."

"हात म्हणजे?"

"फोटो आहे. एवढा मोठा, आपल्या दरवाजाएवढा. नुसते हात आहेत, मुळ्याची जुडी धरलेले. डाव्या अंगठ्याचं नख बघितलं मी."

बकुळाच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी विळा लागला होता. नंतर नख वाढलं ते दोन फाकांतच वाढलं.

"आणि तोंड?" मी विचारलं.

"तोंड नाही, पप्पा. मनगटापर्यंतच आहे."

मैत्रेयीने त्या हॉटेलात मालकांबद्दल विचारलं, तर बाहेरगावी आहेत, मेल करा म्हणाले. तिने मेल केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. फोन केला तर एक मुलगी इंग्रजीत म्हणायची, टेबल बुक करायचंय का? शेवटी मी म्हटलं, "कर टेबलच बुक. जेवायला आल्यावर तर भेटतील?"

रविवारी सकाळी मी मैत्रेयीला घेऊन साईनाथकडे हार घ्यायला गेलो. बकुळाच्या जागेवर आता एक आले-लसूणवाला बसतो.

"कुणाच्या फोटोला, दादा?"

"बकुळाच्या."

साईनाथ उठून उभा राहिला. "सापडला?"

"हात सापडलेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मैत्रेयीकडे. "केवढा करू?" मैत्रेयीने दोन्ही हात पसरून दाखवले. "बापरे," तो म्हणाला, "एवढा तर मी पुढाऱ्याला करतो." त्याने पांढऱ्या शेवंतीचा हार केला आणि पैसे घेतले नाहीत.

मी भांडायला गेलो नव्हतो, हे आधी लिहून ठेवतो. हात तर हात. त्यांना फुलं वाहावी, पाया पडावं आणि तोंडाचा फोटो मागून घ्यावा, एवढंच ठरवून गेलो होतो.

पूर्वी तिथे भाताची गिरणी होती. शेड तशीच ठेवली होती, खाली लाकडी टेबलं, प्रत्येक टेबलावर भर दुपारी मेणबत्ती. बाहेर मुंबईच्या गाड्या उभ्या. दारातल्या मुलीने माझ्या हातातली पिशवी बघितली. हार वरून दिसत होता.

"ओह, फ्लॉवर्स! आमच्यासाठी आणलेत? किती स्वीट!" ती पिशवीला हात घालायला लागली. "एंट्रन्सला लावूया ना."

"ते दाराला लावायचे नाहीत," मी म्हणालो आणि पिशवी काखेत धरली.

फोटो समोरच्या भिंतीवर होता. मी आत शिरताच बघितला. मैत्रेयीने सांगितलं होतं म्हणून नव्हे, सांगितलं नसतं तरी ओळखला असता. केळीच्या सोपटाने जुडी बांधून दोन पीळ द्यायचे आणि टोक आत खोचायचं, ही तिची पद्धत. अंगठा जुडीवर दाबलेला. हिरव्या बांगड्या. मनगटाच्या वर फोटो संपला होता. कोणी सुरीने कापावा तसा. फोटोच्या खालच्या टेबलावर एक मोठं कुटुंब बसलं होतं, त्यांच्यातल्या म्हातारीचा वाढदिवस होता. आम्हाला टेबल दिलं ते दुसऱ्या टोकाला.

वेटर माणूस चांगला होता. बोलण्यावरून अंबरनाथचाच वाटला.

"इथे भाजीच मेन असते, सर. नॉनव्हेज नाही. फ्रेंच टाइप, पण लोकल भाजी. छोट्या प्लेटी असतात. एक एक करून येणार, सगळ्यांनी मिळून शेअर करायच्या."

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हणालो.

"दोघांनी शेअर करा, सर."

"भाकरी आहे?"

"ब्रेड आहे."

पहिली बशी आली. त्यात कोवळे मुळे होते, शेंड्याचा पाला ठेवलेले, बाजूला लोण्याचा गोळा आणि जाडं मीठ. कच्चे मुळे. मी वेटरला विचारलं, "शिजवायचे राहिले का?" तो म्हणाला, "फ्रान्समध्ये असेच खातात, सर. बटर लावून." मग चहाच्या कपाएवढ्या कपात लाल माठाचं सूप. मग भाजलेलं बीट, त्याखाली काजूचं काहीतरी पांढरं. मग पडवळाच्या चकत्या, आत दुसरीच भाजी भरलेली. आमच्या घरी बारा महिने ज्या भाज्या खाल्ल्या, त्या तिथे एकेक घास करून, लांब लांब अंतराने येत होत्या. पाहुण्यांकडे जेवायला बसावं आणि वाढणारीने प्रत्येक घासाला माजघरात जाऊन यावं, तसं.

मी मुळा लोणी लावून खाल्ला. चांगला लागला. खोटं कशाला बोलू, खरंच चांगला लागला. त्याचाच मला राग आला. हा बकुळाला आवडला असता. तिने हसून पुन्हा एक उचलला असता आणि म्हणाली असती, "एवढ्याशासाठी फ्रान्सला जायचं?" तिच्या हातांचा फोटो या भिंतीवर लागला आणि तिला या दारातून कोणी आत बोलावलं नाही.

"फोटोखाली काय लिहिलंय?" मी विचारलं.

मैत्रेयी जाऊन वाचून आली. खाली बसली तरी सांगेना.

"सांग ना."

"'आमचं जेवण या हातांतून येतं,' असं लिहिलंय."

मी चमचा खाली ठेवला. त्या हातांची राख होऊन महिने लोटले होते. मी स्वतः अस्थी गोळा केल्या होत्या. त्या हातांतून आता काही येत नव्हतं.

पडवळाची बशी उचलायच्या वेळी मालकीण आली. तीच असणार, पँट घातलेली, बोलायला गोड. हर्षा नाव. वडिलांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान, ही फ्रान्सला जाऊन स्वयंपाक शिकून आली, हे वेटरने आधीच सांगितलं होतं.

"कसं वाटलं, अंकल? सब ठीक? मुळा आवडला?"

मैत्रेयी म्हणाली, "मॅडम, ते हात माझ्या आईचे आहेत."

हर्षाचा चेहरा फुलला. ते नाटक नव्हतं, तिला खरंच आनंद झाला. "सच्ची? स्टेशनच्या बाहेर बसायच्या त्या? अरे, त्यांना का नाही आणलं? अंकल, त्यांना घेऊन या ना. मी स्वतः करून वाढीन. माझ्याकडून."

"ती वारली," मी म्हणालो.

तिने हात तोंडावर ठेवला. "कधी?"

"थंडीत. तुमच्या फोटोची वाट बघत होती."

"सॉरी, अंकल. रिअली. मला माहीतच नव्हतं."

"मेल केले होते मी," मैत्रेयी म्हणाली. "सगळं लिहिलं होतं त्यात."

"मेल दुसरी मुलगी बघते..." हर्षा खुर्ची ओढून बसली. "सांगा, मी काय करू?"

तोपर्यंत माझा राग माझ्या ताब्यात होता. मी शांतपणे म्हणालो, "आम्हाला तिच्या तोंडाचा फोटो पाहिजे. तुमच्या माणसाने काढलाय. ती हसली होती. आमच्याकडे एकही नाही."

"हां, काढले होते त्याने. खूप काढले होते. पण ते त्याच्याकडे असतात. तो दिल्लीचा आहे, आता बहुतेक बाहेर गेलाय. आम्ही त्याच्याकडून फक्त हा एक घेतला."

"हाच का?"

ती जरा अडखळली. "त्यानेच सुचवलं. तो म्हणाला, चेहरा असला की तो एका बाईचा फोटो होतो. नुसते हात असले की सगळ्यांचा होतो."

"ती एकच बाई होती," मी म्हणालो.

"अंकल, मी समजू शकते..."

"काय समजू शकता? ती तुम्हाला दर आठवड्याला विचारत होती, फोटो आणला का. तुम्ही म्हणत होता, पुढच्या वेळी. भाजी घ्यायला तर दर वेळी आठवण राहत होती."

"मी रिस्पेक्टनेच लावलाय तो फोटो. दुसरं कोणी लावलं असतं का? आम्ही डेकोर बदलू ना, तेव्हा हा प्रिंट मी तुम्हालाच देईन. प्रॉमिस."

पुन्हा तेच. पुढच्या वेळी.

मी उठलो. पिशवीतून हार काढला. आमच्या टेबलावरची मेणबत्ती उचलली आणि चालायला लागलो. मैत्रेयी "पप्पा" म्हणाली, पण अडवायला नाही. तीही उठून मागे आली.

फोटोखालच्या टेबलाशी जाऊन मी म्हणालो, "जरा सरकता का?" त्यांना वाटलं, वाढदिवसाचा हार आहे. सून हसली आणि म्हातारीची खुर्ची पुढे करायला लागली. मी चपला काढल्या, एक रिकामी खुर्ची भिंतीला लावली, वर चढलो आणि हार फोटोच्या चौकटीला अडकवला. हार लांब झाला होता. टोक खाली टेबलापर्यंत आलं आणि पाकळ्या कोणाच्या तरी बशीत पडल्या.

आपल्याकडे फोटोला हार घातला की आणखी काही सांगावं लागत नाही. सून हसायची थांबली. शेजारच्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबले. ज्यांच्या तोंडात घास होता त्यांनी चावायचं थांबवलं. मी खाली उतरून मेणबत्ती भिंतीच्या कडेला फोटोखाली ठेवली.

"अंकल, प्लीज," हर्षा मागून म्हणाली. "लोक जेवतायत."

"मीही जेवलोच की या हातांसमोर."

वाढदिवसवाल्यांचा मुलगा उठला, दांडगा माणूस. "ये क्या तमाशा है? मैडम, हम फैमिली के साथ आए हैं. बर्थडे है माँ का. मय्यत का हार लगा दिया सर के ऊपर!"

"मय्यत झाली तेव्हापासून सगळेच तिच्याखाली जेवताय," मी म्हणालो. "हार आत्ता घातला, एवढंच."

मी हात जोडले आणि त्रिसरण म्हणायला लागलो. रागाने माझा सूर लागत नव्हता. मैत्रेयीने तो धरून ठेवला. त्या शेडमध्ये आमच्या दोघांचाच आवाज होता. म्हणून झालं तेव्हा म्हातारीने मला विचारलं. मुलगा हिंदीत बोलत होता, तिने मात्र मराठीत विचारलं.

"कोण होत्या या?"

"माझी बायको. बकुळा."

ती मान वर करून बघत राहिली. "मग चेहरा कुठाय?"

मी हर्षाकडे बघितलं. म्हातारीनेही तिकडे बघितलं. मग सगळे हर्षाकडेच बघायला लागले, अगदी तिचा वेटरसुद्धा.

हर्षाचे डोळे भरले होते, पण आवाज चढला होता. "तुम्हाला काय वाटतं, मी चोर आहे? मी आत्ता फोन लावते त्याला. आत्ता." तिने सगळ्यांसमोर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने मैत्रेयीला त्या माणसाचा मेलचा पत्ता दिला आणि स्वतः उभ्या उभ्या मोबाइलवर त्याला मेसेज लिहिला. बिल ती घेत नव्हती. मी दिलं. तिच्याकडून फुकट जेवलो असं मला नको होतं.

निघताना मी हार काढला नाही. वाढदिवसवाले दुसऱ्या टेबलावर गेले होते. म्हातारी मात्र जाताना वाकून बशीतली पाकळी उचलत होती. तिने ती काय केली ते मी बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात कळलं की फोटो भिंतीवरून उतरवला. साईनाथचा भाऊ त्या हॉटेलला फुलं पोचवतो, त्याने सांगितलं. तिथे आता एका जुन्या गावाचा फोटो आहे, फ्रान्समधल्या. बकुळाचे हात कुठे ठेवले ते त्याला माहीत नव्हतं. मैत्रेयीने हर्षाला विचारलं तर उत्तर आलं, स्टोअरमध्ये आहेत, सेफ आहेत, ओरिजनल मिळाले की दोन्ही बरोबर पाठवते.

मी फ्रेम घेऊन आलो. लाकडी, जाड, काचेची. मैत्रेयी म्हणाली, आधी फोटो येऊ दे. मी म्हटलं, येणारच आता, सगळ्यांसमोर बोललीय. भिंतीत खिळा ठोकला आणि रिकामी फ्रेम लावली.

मग एके दिवशी दिल्लीवाल्याचा मेल आला. मैत्रेयी ऑफिसातून रंगीत प्रिंट काढून थेट घरी आली. पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी समजलो, रडायला गेली असेल.

मी पाकीट उघडलं. फोटो फार चांगला होता. ऊन तोंडावर आलेलं, एकेक सुरकुती दिसत होती, दात दिसत होते, नाकातली चमकी दिसत होती. बाई खळखळून हसत होती. कौसाबाई.

मेलमध्ये त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. मैत्रेयीने बाहेर येऊन त्या वाचून दाखवल्या. तुमच्या आईबद्दल ऐकून वाईट वाटलं. त्यांचं हसू मी कधी विसरलो नाही.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारी दार उघडून बघायला आले होते.

मैत्रेयीने त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. ही माझी आई नाही. माझी आई हिच्या शेजारी बसलेली होती, हातात मुळ्याची जुडी, डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं. मला पुन्हा बघून पाठवा. मी सांगितलं, हेही लिही की तो विसरला नाही ते खोटं आहे. तिने ते लिहिलं नाही. म्हणाली, "पप्पा, आपलं काम आहे त्याच्याकडे."

तो फोटो मी कौसाबाईला नेऊन दिला. फाडावा असं एकदा मनात आलं होतं, पण तिने काय केलं होतं? तिने भाजीचे हात लुगड्याला पुसले आणि फोटो धरला.

"माजं तोंड असं हाय?" ती म्हणाली. "माजं पोर सांगल, म्हातारे, तू मेलीस की लावायला झालं." हसली. मग तिचं हसू गेलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "दाजी, मी तिच्याकडं बघून हसतंय. ती म्हनाली ना त्या मान्साला, तोंडा बघते गिऱ्हाइकांची. तवाचा हाय ह्यो."

तिने बोट ठेवलं. फोटोच्या अगदी कडेला हिरव्या बांगड्यांचं एक कोपर होतं. पुढे कागद संपला होता.

"तुज्याकडं ठेव," कौसाबाई म्हणाली. "एवढं तरी हाय तिचं."

"नको. तो तुझा फोटो आहे."

मला कोपर नको होतं. हात नको होते. माझ्या बायकोला तोंड होतं आणि ते हसलं होतं, ते एका यंत्रात कुठेतरी पडलं आहे, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला ते कुठलं हे ओळखता येत नाही.

मैत्रेयीने त्यानंतर त्याला पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. हर्षाला फोन केला की ती उचलते, दर वेळी सॉरी म्हणते आणि दर वेळी सांगते, मी त्याच्या मागे लागलेय. हात अजून तिच्या स्टोअरमध्येच आहेत. ते न्यायला मी गेलो नाही. तोंडाशिवाय मी ते नेणार नाही.

बकुळाला जाऊन आता वर्ष होत आलं. कार्यक्रमाची तारीख बौद्धाचार्यांना सांगून झाली, साईनाथला हाराचं सांगून झालं. या वेळी छोटा हार सांगितला, घरच्या फ्रेमच्या मापाचा. फ्रेम खिळ्यावर आहे. काच मी रोज पुसतो. आत फोटो लावायचा राहिला आहे.